चोविसाने भागल्यावर

छोटा हत्ती पुणेकराला नवा नाही. मंडईत पहाटे भाजी उतरवायची, गणपतीत मांडवापर्यंत मूर्ती आणायची, एखादं बिऱ्हाड नारायण पेठेतून धायरीला हलवायचं, तर हाक त्यालाच जाते. टाटांनी मे २००५ मध्ये ही गाडी बाजारात आणली, तेव्हा ती पुण्याच्याच कारखान्यात तयार होत होती. कागदावरचं तिचं नाव ‘टाटा एस’. लांबी ३,८०० मिलिमीटर, रुंदी १,५००, पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २,१००. मागचा हौदा २,२०० बाय १,४९०, त्याच्या कडा ३०० मिलिमीटर उंच, आणि ओझं वाहायचं पाऊण टन. वळायला ४.३ मीटरची त्रिज्या पुरते, म्हणून पेठांतल्या गल्ल्यांना ती मानवली. या गाडीची १:२४ प्रमाणातली प्रतिकृती करायची म्हटलं, तर पहिलं काम शाळकरी पोरालाही जमेल असं आहे: प्रत्येक मापाला चोविसाने भागायचं. लांबी १५८ मिलिमीटर येते, रुंदी साडेबासष्ट, आसांमधलं अंतर साडेसत्त्याऐंशी, हौदा ९२ बाय ६२ आणि त्याच्या कडा साडेबारा. चोवीसच का, तर फूट-इंचांच्या जमान्यात ‘फुटाला अर्धा इंच’ हे माप पट्टीवर सरळ वाचता येत असे, आणि मोटारींच्या प्रतिकृतींत ते आजवर टिकून आहे. भागाकार झाला, आकडे कागदावर उतरले, की बहुतेकांना वाटतं आता उरलं ते निव्वळ हातकाम. या प्रकरणाचं म्हणणं वेगळं आहे. भागाकाराने कामाला सुरुवात होते हे खरं, पण जो शेवटपर्यंत भागाकारच करत बसेल त्याच्या टेबलावर छोटा हत्ती कधीच उभा राहायचा नाही. कुठे भागायचं, कुठे भागायचं नाही आणि कुठे जाणूनबुजून चुकायचं, हे ठरवण्यातच प्रतिकृतीची सगळी कारागिरी आहे.

आधी भागाकाराची बाजू नीट मांडू, कारण तिच्यात तथ्य आहे. आपला डोळा साधारण एक फुटावरून एक दशांश मिलिमीटरपर्यंतचा फरक ओळखतो. त्याहून बारीक चूक दिसतच नाही, तेव्हा तिची चिंता करण्यात अर्थ नाही. त्याहून मोठी चूक मात्र लपत नाही, आणि ती चाकांत असेल तर मुळीच लपत नाही. छोट्या हत्तीला १२ इंची रिमची चाकं असतात. टायरसकट त्यांचा व्यास जेमतेम ५४ सेंटिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेबावीस मिलिमीटरच्या आसपास. घरातल्या जुन्या खेळण्याची २६ मिलिमीटरची चाकं काढून बसवली, तर मोजपट्टी न लावताही पाहणारा म्हणतो, ‘ही काहीतरी वेगळीच गाडी दिसते.’ काय वेगळं ते त्याला सांगता येणार नाही. लहान चाकं, त्यांवर उंच केबिन आणि पोटाशी धरल्यासारखा हौदा, या तिघांच्या परस्पर नात्यामुळेच ती गाडी ओळखू येते. खेळण्यांच्या कारखानदारीला हे नातं सांभाळायची गरज नसते. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्या ठरलेल्या खोक्यात मावाव्यात अशा बेताने लहान केल्या जात, त्यामुळे मोटार आणि मालट्रक शेजारी ठेवले तर दोघांची लांबी जवळपास एकच भरते. खेळणं म्हणून त्यात काही वावगं नाही, पण त्याला प्रतिकृती म्हणता येत नाही. तेव्हा मुख्य मापांत सूट नाही, एवढं भागाकारवाल्यांचं मान्य.

अडचण सुरू होते ती पत्र्यापाशी. मोटारीच्या अंगाचा पत्रा असतो पाऊण मिलिमीटरच्या आगेमागे. चोविसाने भागा, उत्तर येतं ०.०३ मिलिमीटर. वहीचा साधा कागद त्याच्या तिप्पट जाड असतो. या जाडीचं काहीही हातात धरून हौदा बांधता येणार नाही, आणि बांधला तरी टिकणार नाही. मग हाताशी काय आहे? अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आर्किटेक्चरची पोरं घेतात तो सनबोर्ड तीन मिलिमीटरचा, म्हणजे गाडीच्या हिशेबात तो सव्वासात सेंटिमीटर जाड झाला. भिंतीला चालेल, हौद्याला नाही. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. ते जगभर ०.७६ मिलिमीटर जाडीचंच असतं, म्हणजे प्रमाणात १८ मिलिमीटर. पत्र्याच्या जागी प्लायवूड लावल्यासारखं. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापला तर तो सुमारे ०.१ मिलिमीटरचा भरतो. ही उत्तराच्या सगळ्यांत जवळची वस्तू, आणि तीही खऱ्याच्या तिप्पट जाड. इथे कारागीर भागाकार सोडतो आणि डोळ्याकडे वळतो. पत्र्याची जाडी माणसाला दिसते कुठे? फक्त उघड्या कडेला. मग कार्ड जाडच राहू द्यायचं आणि कडेचा शेवटचा दीड मिलिमीटर आतल्या बाजूने कानशीने तिरपा घासत न्यायचा, तो कड पात्यासारखी होईपर्यंत. हौदा समोरून पाहणाऱ्याला पातळ पत्रा दिसतो. आत बोट घालणाऱ्याला लबाडी कळते, पण हौद्यात बोट घालून प्रतिकृती बघायची नसते. कार्डाची आणखी एक गंमत म्हणजे त्याचा आकार ८५.६ बाय ५४ मिलिमीटर आणि हौद्याचा तळ ९२ बाय ६२. म्हणजे एका कार्डात तळ मावत नाही, थोडक्यासाठी हुकतो. सांधा द्यावाच लागतो, आणि शहाणा कारागीर तो तळाच्या उभ्या घडीच्या रेषेवर घेतो, कारण खऱ्या हौद्याच्या पत्र्यालाही तिथे मोड असते. कारागिराला सांधा लपवायला जागा मिळते ती अशी, मूळ गाडीनेच करून ठेवलेली.

जाडीचा प्रश्न दिसण्यापुरता आहे, असं कोणी म्हणेल. वजनाचा प्रश्न मात्र थेट निसर्गाच्या नियमाशी जाऊन भिडतो. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात दाखवून दिलं होतं, की वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी लहान-मोठी केली तरी तिचं बळ आणि तिचं वजन सारख्या गतीने बदलत नाही. बळ क्षेत्रफळावर अवलंबून, वजन घनफळावर. छोट्या हत्तीचं रिकामं वजन सुमारे ८०० किलो. त्याच मालमसाल्याची अचूक १:२४ प्रतिकृती झाली, तर वजन चोविसाने नाही, चोविसाच्या घनाने, म्हणजे १३,८२४ ने भागावं लागेल. उत्तर येतं ५८ ग्रॅम, एक मध्यम अंडं. पाऊण टन बटाट्याची पोती तशाच हिशेबाने ५४ ग्रॅम. आता ही पोती हौद्यात ठेवू आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघू. खरी गाडी भरली की मागून दबते. समजा ४८ मिलिमीटर दबली. प्रतिकृतीत डोळ्याला पटण्यासाठी ती २ मिलिमीटर दबायला हवी. पण पाटे, आस, ओझं सगळं इमानदारीने लहान केलं असेल तर दाब चोविसाने नाही, चोविसाच्या वर्गाने कमी होतो: ४८ भागिले ५७६, म्हणजे ०.०८ मिलिमीटर. डोळ्याच्या मर्यादेच्याही आत. म्हणजे प्रत्येक भाग तंतोतंत मापात असलेली गाडी पाऊण टन ओझं घेऊनही रिकाम्यासारखी ताठ उभी राहील. जो बटाटा भरून गाडी ताठ उभी करतो, त्याने गणित बरोबर केलं आणि गाडी चुकवली. म्हणून जाणते लोक पाटे आधीच चपटे वाकवून बसवतात, मागचा आस दोन मिलिमीटर वर घेतात आणि टायरचं बूड कानशीने किंचित सपाट करतात, कारण भरल्या गाडीचा टायर रस्त्याशी पसरतो. हे तिन्ही बदल भागाकाराच्या विरुद्ध आहेत, आणि तिन्हींमुळेच गाडीला वजन येतं.

हा काही छंदवाल्यांचा लाडावलेला हट्ट नाही. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, खडकवासल्याला, शंभरेक वर्षं हाच प्रश्न पोटापाण्याचा धंदा म्हणून सोडवला जातो आहे. तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात झाली. धरणाचा सांडवा, नदीचं वळण, बंदराची गोदी प्रत्यक्षात बांधण्याआधी तिची लहान प्रतिकृती करायची, तीत पाणी सोडायचं आणि काय होतं ते मोजायचं, हे तिथलं काम. आता पाणी कसं लहान करणार? पाण्याच्या लाटांवर राज्य गुरुत्वाचं, आणि गुरुत्व काही चोविसाने किंवा शंभराने भागता येत नाही. म्हणून १:१०० च्या प्रतिकृतीत पाण्याचा वेग शंभराव्या हिश्शाने नाही, दहाव्या हिश्शाने धरतात, कारण शंभराचं वर्गमूळ दहा. काळही दहाने आखडतो: नदीतला एक तास प्रतिकृतीत सहा मिनिटांत उरकतो. आणि विसर्ग भागावा लागतो एक लाखाने. मुठेत एक लाख क्युसेक पाणी सोडलं तर काय होईल, हे प्रतिकृतीवर पाहायला एक क्युसेक पुरतं. पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे वाचणाऱ्या माणसाला या भागाकाराची नवलाई वेगळी सांगायला नको. पण नदीच्या बाबतीत एवढ्यावरही भागत नाही. किलोमीटरभर रुंद आणि पाच मीटर खोल नदी १:५०० ने लहान केली तर ती दोन मीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल होते. एवढ्या उथळ पाण्यात पृष्ठताण आणि चिकटपणा यांचंच राज्य सुरू होतं आणि ते पाणी नदीसारखं वाहतच नाही. मग अभियंते काय करतात? रुंदीला पाचशे आणि खोलीला शंभर असं दुहेरी प्रमाण घेतात. जाणूनबुजून वाकडी नदी. या केंद्राची धुरा अनेक वर्षं वाहिलेल्या क्लॉड इंग्लिस यांचा नद्या-कालव्यांवरचा आणि त्यांच्या प्रतिकृतींवरचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याहूनच प्रसिद्ध झाला. ज्या विद्येवर कोट्यवधी रुपयांची धरणं उभी राहतात, तीच जर सांगत असेल की खरी नदी पाहायची तर प्रतिकृती वाकडी करा, तर टेबलावरच्या गाडीने सोवळं पाळायचं कारण नाही. जाता जाता: सिनेमावाल्यांचं गणितही हेच. १:२४ ची गाडी कड्यावरून पडताना दाखवायची, तर कॅमेरा चोविसाच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे जवळपास पाचपट वेगाने फिरवावा लागतो. नाहीतर ती गाडी गाडीसारखी पडत नाही, काडेपेटीसारखी पडते.

पुण्यात प्रतिकृती म्हटलं की कोथरूडचं लघुरेल्वे संग्रहालय आठवतं. भाऊसाहेब जोशी यांचं हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे, आणि सिग्नल, उड्डाणपूल, स्थानकं यांसकट धावणाऱ्या छोट्या गाड्या पाहायला तिथे आजही पोरांची गर्दी होते. रेल्वेच्या छंदाचा इतिहास आपल्या मुद्द्याला आणखी एक साक्षीदार पुरवतो. ब्रिटनमधलं सगळ्यांत लोकप्रिय प्रमाण म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, साधारण १:७६. या हिशेबाने तिथल्या ४ फूट साडेआठ इंची रुळांमधलं अंतर जवळपास १९ मिलिमीटर यायला हवं. ते ठेवलं जातं १६.५. कारण असं, की ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्या काळच्या मोटरी मोठ्या. रुळांना शोभेल असं इंजिन केलं तर त्यात मोटर मावेना. म्हणून रूळ तसेच ठेवले आणि इंजिन थोडं मोठं केलं. ही चूक इतक्या पिढ्यांनी सांभाळली की आज तीच प्रथा आहे. भारतीय हौशींची गोष्ट याच्या उलट्या अंगाने तीच. १:८७ मध्ये आपली १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी. बाजारात तयार रूळ मिळतात ते पुन्हा साडेसोळाचेच, आणि आपली गुबगुबीत इंजिनं त्या अरुंद रुळांवर धावतात. मला विचाराल तर या तडजोडीत ब्रॉडगेजचा रुबाब जातो, आणि ती जाणकाराला खटकते. म्हणजे प्रत्येक तडजोड सारख्याच तोलाची नसते. मोटर मावावी म्हणून केलेली वेगळी, दुकानात मिळालं म्हणून पत्करलेली वेगळी.

इथे कडवा आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. एकदा मापाबाहेर जायची मुभा दिली की थांबायचं कुठे? दिवाळीतला किल्ला घ्या. पुण्यातल्या वाड्या-सोसायट्यांत पोरं माती कालवून डोंगर रचतात, अळीव पेरून हिरवळ आणतात आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे तटावर उभे करतात. मावळा दरवाजापेक्षा उंच, सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा मोठे, पायथ्याशी विहिरीवर पाणी भरणारी बाई आणि तिच्या शेजारी तिच्याहून थोराड कोंबडा. हीदेखील प्रतिकृतीच म्हणायची का? माझं उत्तर असं: किल्ल्यालाही प्रमाण आहे, पण ते महत्त्वाचं प्रमाण आहे, लांबी-रुंदीचं नव्हे. महाराज सगळ्यांत मोठे दिसले पाहिजेत, म्हणून ते मोठे आहेत. त्या हेतूपुरता किल्ला बरोबर आहे आणि त्याला पट्टी लावणं हा पट्टी लावणाऱ्याचा अडाणीपणा. खडकवासल्याच्या नदीची खोली वाढवली ती पाणी खरं वाहावं म्हणून, आणि किती वाढवली हे लिहून ठेवलेलं असतं, त्याची दुरुस्ती करूनच निष्कर्ष काढले जातात. गाडीच्या कारागिराने याच दोघांकडून कसोटी घ्यावी. मापाबाहेर गेलेल्या प्रत्येक जागी त्याला विचारता आलं पाहिजे, ‘हे का?’ आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे. ‘कड पातळ दिसावी म्हणून’, ‘ओझं जाणवावं म्हणून’, ही उत्तरं आहेत. ‘हातात तेवढंच सामान होतं’ हे उत्तर नाही, कबुली आहे. ‘छान दिसतं’ हे तर तेही नाही.

‘छान दिसतं’ या शब्दांवर बहुतेक सजवलेल्या गाड्या बुडतात. प्रतिकृती करणाऱ्यांचा एक सोवळा वर्ग म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच करा, बाकीचा सगळा थिल्लरपणा. दुसरा वर्ग रुंद टायर, पाच दिवे आणि ज्वाळांची चित्रं चिकटवून मोकळा होतो. दोघांचंही चुकतं, आणि एकाच ठिकाणी चुकतं: दोघांनीही रस्त्यावरची गाडी पाहिलेली नसते. मोटार कंपनीच्या आराखडा विभागात मातीची कोरी प्रतिकृती करतात तेव्हा तिला धूळ नको, नंबर नको, कारण ती गाडी अजून जन्माला यायची आहे. पण मालाची गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर फार दिवस तशी राहत नाही. हौद्यावर लोखंडी पाइपचा सांगाडा चढतो, ताडपत्रीचे कडे जोडले जातात, फाळक्याच्या साखळीला रबराची नळी घालतात म्हणजे खडखड होत नाही. मागे रेडियमच्या लाल-पिवळ्या पट्ट्या येतात, काचेवर देवाचं किंवा पोराबाळांचं नाव येतं, पुढे लिंबू-मिरची लटकते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं: पुण्याची असेल तर एमएच १२, पिंपरी-चिंचवडची असेल तर एमएच १४. पाटीसुद्धा काळ सांगते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठसे उमटवलेली उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, त्यामुळे २०१० सालची गाडी दाखवणाऱ्याने पेंटरच्या हातची पाटी काढावी, नाहीतर बाकी सगळं बरोबर असून साल चुकतं. (खऱ्या गाडीत असले फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात. प्रतिकृतीच्या पासिंगला आरटीओत जावं लागत नाही, हा या छंदाचा एक दुर्लक्षित फायदा.) बिनपाटीची, बिनओरखड्याची छोट्या हत्तीची प्रतिकृती ही गाडीची नाही, जाहिरातीच्या पत्रकाची प्रतिकृती आहे. आणि ज्वाळांची चित्रं असलेली कशाचीच नाही. सजावटीची कसोटी पुन्हा तीच: प्रत्येक खुणेला कारण हवं. फाळक्याच्या वरच्या कडेचा रंग मधोमध उडालेला, कारण पोती तिथून घासत निघतात. तळाचा पत्रा मध्ये चकचकीत आणि कोपऱ्यांत गंजलेला, कारण धुतल्यावर पाणी कोपऱ्यांत साचतं. चिखल चाकामागे, समोरच्या दिव्यांवर नाही. काचेवर धूळ, पण वायपरची कमान पुसलेली. अंगभर सारखा गंज थापणाऱ्याने आपली गाडी समुद्राच्या तळाशी ठेवली होती की काय, असा प्रश्न पडतो.

या कामात धूळ आणि ताडपत्री या दोन गोष्टी सगळ्यांत अवघड, कारण इथे सामानाचा स्वतःचा बारीकपणा आडवा येतो. रांगोळीचा कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर चोविसाने गुणून तो १२ मिलिमीटरचा होतो. म्हणजे धुळीसाठी रांगोळी भुरभुरणाऱ्याने आपल्या गाडीवर खडी ओतली. अंगणातली चाळलेली मातीही तशीच जाड. चालतो तो गेरू, तुळशीवृंदावनाला लावतात तो. वस्त्रगाळ करून त्यात अंगाला लावायची पावडर मिसळली की पुण्याच्या उन्हाळ्यातल्या रस्त्याचा फिकट तांबूस करडा रंग साधतो. मऊ कुंचल्याने हौद्याच्या घड्यांत ती भरायची आणि ओल्या बोटाने वरची पुसून घ्यायची. खऱ्या गाडीतही धूळ उंचवट्यावर टिकत नाही, खाचेत टिकते. ताडपत्रीला कापड वापरण्याचा मोह सगळ्यांना होतो. साध्या सुती कापडाचा धागा पाव मिलिमीटरचा असला, तरी गाडीच्या मानाने तो सहा मिलिमीटरचा दोर झाला. अशी ताडपत्री काथ्याच्या चटईसारखी दिसते. शिवाय कापड हलकं, ते लोंबतच नाही, ताठ उभं राहतं. स्प्रिंगच्या पाट्यांचं जे झालं तेच इथे. पतंगाचा कागद घ्यावा. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात तो भिजवावा, सांगाड्यावर टाकावा आणि ओला असतानाच दोन कमानींमधल्या जागी बोटाने हलके दाबून पोक काढावा. पावसाचं पाणी साचून खरी ताडपत्री जिथे झोळ खाते, तिथेच. दोरीला शिवणाचा धागा जाडीने बरोबर बसतो, पण त्याच्या अंगावरची लव गाडीच्या हिशेबात बोटभर केस होते. मेणबत्तीवरून दोनदा ओढला की लव बसते. कागद वाळला की त्याला बसलेला झोळ तसाच राहतो, आणि लोंबायला पुरेसं वजन नसलेली वस्तू लोंबताना दिसते.

रंगाबद्दल एक समज खोडून काढायला हवा. जुन्या जाणत्यांत असं सांगितलं जातं, की लहान प्रतिकृतीचा रंग थोडा फिका करावा, कारण दूरच्या वस्तू हवेमुळे फिक्या दिसतात. एक फुटावरून पाहिलेली १:२४ ची गाडी म्हणजे सव्वासात मीटरवरची गाडी. एवढ्याशा हवेने कोणताही रंग फिका होत नाही, नाहीतर रस्त्यापलीकडच्या माणसाचा शर्ट ओळखू आला नसता. रंग जो खटकतो तो चमकेमुळे. खरी गाडी आकाश, इमारती, रस्ता यांचं मोठं प्रतिबिंब अंगावर घेऊन उभी असते. टेबलावरच्या गाडीच्या वाट्याला येतो खोलीतला एक ट्यूबलाइट. म्हणून चमक थोडी मारावी, रंगात पांढरा ओतू नये. धातूची झाक असलेल्या रंगाच्या वाटेला तर जाऊच नये: त्यातल्या चमकीचा कण चोवीसपट होऊन टिकलीसारखा दिसायला लागतो.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो नव्या पिढीचा. त्रिमित छपाई आली, गाडी कॅमेऱ्याने सगळ्या बाजूंनी टिपून संगणकात आकार तयार करता येतो. मग हे कानशीचे आणि गेरूचे उद्योग कशाला? यंत्राचा उपयोग मोठा आहे यात वाद नाही. आरसे, दिव्यांच्या चौकटी, चाकाच्या तबकड्या, चार वेळा सारखं करावं लागणारं काहीही त्याला द्यावं. पण यंत्राला आकार दिला की पहिला अडथळा येतो तो पत्र्याचाच. ०.०३ मिलिमीटर जाडीची भिंत छापून हातात घेता येत नाही, ती अर्ध्या मिलिमीटरवर न्यावी लागते, म्हणजे पुन्हा १२ मिलिमीटरचा पत्रा. मग ती जाडी आत वाढवायची की बाहेर? आत वाढवली तर हौदा आखडतो, बाहेर वाढवली तर रुंदी वाढते. कड तिरपी करायची का? पाटे रिकामे छापायचे की भरलेले? हे सगळे प्रश्न ज्याने छोटा हत्ती उभा, भरलेला, भिजलेला पाहिला आहे त्यालाच पडतात. यंत्र निर्णय घेत नाही, दिलेला निर्णय निमूट छापतं, आणि चुकीचा दिला तर चूकही फार सुबक छापतं. टिपलेल्या आकारात तर आणखी एक खोच आहे. ज्या क्षणी गाडी टिपली त्या क्षणी ती रिकामी होती की भरलेली, हे त्या आकाराला कोणी विचारत नाही.

तेव्हा काम सुरू करण्याआधी टेप घेऊन मंडईत जावं. लांबी-रुंदी कंपनीच्या पत्रकात छापलेली असते, ती मोजत बसू नये. चालकाला विचारून फक्त एक माप घ्यावं: मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, एकदा माल भरलेला असताना आणि एकदा उतरवल्यावर. हे दोन आकडे कोणत्याही पत्रकात मिळत नाहीत.